गच्चीवरचं विमान, शेंगेतलं इंजिन आणि आपली यंत्रणा

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

दर वर्षी १७ डिसेंबर जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, पण इंग्रजांनी ते दाबून टाकलं, असा तो मेसेज. खाली 'अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा' अशी ओळ. आमच्या जालन्यातल्या किमान सहा ग्रुपवर तो मला दर वर्षी येतो. पाठवणारे सगळे भली माणसं आहेत, त्यांचा हेतूही वाईट नाही. पण या एका मेसेजमुळे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडलेली विमानाची गोष्ट झाकली जाते. म्हणून आज ती सांगतो. तिच्यात नगर आहे, कांदिवली आहे, धुळं आहे, यवतमाळ आहे आणि थोडं आपलं जालनाही आहे.

आधी तळपदेंचा विषय संपवू. तळपदे खरे होते. संस्कृतचा अभ्यास होता, यंत्रांची ओढ होती, उडण्याचं वेड होतं. त्या काळात मुंबईत बसून असं वेड घ्यायला छातीच लागते. पण विमान उडालं याला पुरावा काय? लोक 'केसरी'चं नाव सांगतात. मी वीस वर्षं बातमीदारी केली. बातमी म्हटली की तारीख आणि अंक लागतो. तारखेसह तो अंक आजवर माझ्यापुढे कुणी ठेवलेला नाही. राहिला 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली तो ओळीओळीने तपासला. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला, असं त्यांना आढळलं. त्यातल्या आकृत्यांप्रमाणे बांधलेलं कुठलंही यान उडू शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबईतल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर भाषण झालंच आणि त्याच महिन्यात तळपदेंवरचा हिंदी सिनेमाही आला.

आता राइट बंधू. ते कुठल्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. डेटन गावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. विमानाला हलकं इंजिन हवं होतं, मोटार कंपन्या ते करून द्यायला तयार नव्हत्या. मग दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने लेथ आणि ड्रिल मशीनवर सहा आठवड्यांत इंजिन उभं केलं. ताकद साधारण १२ अश्वशक्ती. एकच इंजिन, आणि सायकलसारख्या साखळ्यांनी फिरणारे दोन पंखे. १७ डिसेंबर १९०३ ला पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं झालं, अंतर १२० फूट. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलचे रोल टर्न करणारे जे हात आहेत ना, तसेच ते हात होते. फरक एवढाच की राइट बंधूंनी प्रत्येक गोष्ट वहीत लिहिली, मोजली, फोटो काढला, साक्षीदार ठेवले. म्हणून १२ सेकंद इतिहासात राहिले.

इथून पुढे इंजिनाचीच गोष्ट आहे. कारण विमानाचं घोडं नेहमी इंजिनापाशी अडतं.

रोटरी इंजिन हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचे दोन अर्थ आहेत आणि बऱ्याच जणांचा तिथेच गोंधळ होतो. जुनं रोटरी म्हणजे फ्रान्सच्या सेगँ बंधूंचं 'नोम' इंजिन, १९०९ च्या सुमाराचं. त्यात शाफ्ट विमानाला पक्का बसवलेला आणि त्याभोवती सगळे सिलिंडर पंख्यासकट गरागरा फिरायचे. फिरता फिरता वाऱ्याने थंड व्हायचे, म्हणून पाण्याचा रेडिएटर नको. पहिल्या महायुद्धातली कितीतरी लढाऊ विमानं याच जातीच्या इंजिनांवर उडाली. गंमत म्हणजे त्याला वंगण लागायचं एरंडेल! हो, आपलं पोट साफ करायचं एरंडेल. कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. ते जळून मागे उडायचं आणि पायलटच्या नाकातोंडात जायचं. पुढचं सांगायला नको.

नवं रोटरी म्हणजे जर्मनीच्या फेलिक्स वांकेलचं. एनएसयू कंपनीत ते १९५७ साली पहिल्यांदा चाललं. यात पिस्टन वरखाली होत नाही. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग डोळ्यांपुढे आणा, कमरेत किंचित दबलेली. त्या आकाराची पोकळी. आत फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर, साधारण समोशासारखा. तो फिरताना त्याची तिन्ही टोकं कायम भिंतीला घासत राहतात. त्यामुळे तीन कप्पे तयार होतात आणि प्रत्येक कप्पा फिरता फिरता लहानमोठा होतो. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट, आयटीआयच्या पोरांना पाठ असलेले चारही स्ट्रोक त्यात होतात. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही. रोटरचा एक फेरा झाला की शाफ्टचे तीन होतात. सुटे भाग थोडे, वजन कमी, थरथर कमी.

मग सगळ्या गाड्यांत ते का नाही? कारण त्या तीन टोकांवरच्या सीलपट्ट्या. त्या भिंतीवर ओरखडे पाडायच्या. जपानच्या माझदा कंपनीत केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर त्याच्या मागे लागले, सीलचा माल बदलला आणि १९६७ साली दोन रोटरची कॉस्मो गाडी आली. १९९१ ला माझदाने ल मां ची २४ तासांची शर्यतही रोटरीवर जिंकली. तरी पेट्रोल जास्त पिणं आणि प्रचंड तापणं हे दोष राहिलेच.

पण विमान घरी बांधणाऱ्या जगभरच्या हौशी लोकांना याच इंजिनाने भुरळ घातली. विमानाचं खास इंजिन भयंकर महाग. माझदाचं १३०० सीसीचं रोटरी जुन्या गाडीतून काढून मिळतं. पिस्टन इंजिनात रॉड तुटला की सगळं जागीच जाम. रोटरीत सील गेलं तर बहुतेक वेळा ताकद कमी होते, पण ते चालत राहतं आणि उतरायला वेळ मिळतो. अडचण अशी की रोटरी सहा हजार फेऱ्यांना ताकद देतं आणि पंख्याला तर अडीच-पावणेतीन हजारांच्या वर फिरवायचं नसतं. म्हणजे मध्ये गिअरबॉक्स आला. त्यात मोठा रेडिएटर, ऑइल कूलर, इंधनाची लाइन. बहुतेक वेळा दगा इंजिन देत नाही, त्याच्याभोवती आपण केलेली ही जोडणी देते.

मग काही जणांना वाटतं, एकाऐवजी दोन इंजिनं लावू, एक गेलं तर दुसरं आहेच. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या माणसाला बैलजोडी कळते, म्हणून तसं सांगतो. जोडीतला एक बैल मध्येच बसला तर गाडी अर्ध्या वेगाने सरळ जाते का? नाही. ती बसलेल्या बैलाच्या बाजूला गर्रकन वळते. विमानाचंही तसंच. डाव्या पंखावरचं इंजिन बंद पडलं की विमान डावीकडे ओढलं जातं. वेग ठराविक मर्यादेखाली असेल तर सुकाणूही ते सावरू शकत नाही, विमान उलटतं. शिवाय वर चढायला फक्त उरलेली जादा ताकद कामाला येते. त्यामुळे निम्मी ताकद गेली की चढण्याची क्षमता निम्मी राहत नाही, लहान विमानात ती पाचवा हिस्सा उरते. आणि दोन इंजिनं म्हणजे बिघाडाची शक्यताही दुप्पट. फ्रान्सच्या मिशेल कोलोम्बान यांनी १९७३ साली 'क्री-क्री' हे इवलंसं दोन इंजिनांचं विमान केलं, तेव्हा दोन्ही इंजिनं नाकाशी जवळजवळ ठेवली. अमेरिकेच्या बर्ट रुटान यांनी १९७८ च्या 'डिफायंट'मध्ये एक पुढे आणि एक मागे लावलं, म्हणजे एक गेलं तरी ओढ सरळच राहील. हे शहाणपण कुठल्या मंत्रातून आलं नाही. ते मोजमापातून आलं, आणि आधी मेलेल्या माणसांच्या हिशेबातून आलं.

आता आपल्याकडे येऊ. वांकेल जातीचं विमानी इंजिन आपल्या महाराष्ट्रातही घडलं, हे किती जणांना माहीत आहे? जालन्यापासून पावणेदोनशे किलोमीटरवर नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. लष्कराच्या 'निशांत' या बिनपायलटी विमानाला आधी ब्रिटिश बनावटीचं रोटरी इंजिन होतं. त्याची जागा घ्यायला नगरची व्हीआरडीई, बंगळुरूची नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि एडीई या संस्थांनी मिळून देशी वांकेल इंजिन बनवलं. ५५ अश्वशक्तीचं, वजन ३० किलोच्या आसपास. दोन माणसांनी सहज उचलावं एवढं. २९ मार्च २००९ ला कोलारच्या धावपट्टीवर ते घेऊन निशांत पहिल्यांदा उडालं. पुढे निशांतचा कार्यक्रमच गुंडाळला गेला. पण आपल्याला इंजिन करता येतं हे सिद्ध झालं होतं. या तारखेचा मेसेज मात्र मला कुठल्याच ग्रुपवर येत नाही.

हे महत्त्वाचं अशासाठी की आपला जुना आजार हाच आहे. कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान केलं. १९५१ ला ते उडालं, स्वतंत्र भारताचं स्वतःचं विमान. इंजिन ब्रिटिश. १९६१ ला 'मरुत' हे लढाऊ विमान उडालं. सांगाडा वेगवान, पण हवं ते इंजिन मिळालं नाही आणि विमान जन्मभर कमी ताकदीचं राहिलं. विमान आपलं, इंजिन परक्याचं, असं हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

आता कांदिवलीच्या गच्चीवर चला. कॅप्टन अमोल यादव, व्यवसायाने पायलट. अमेरिकेत उडायला शिकले, तिथे लोक घरच्या गॅरेजात विमान बांधतात हे पाहिलं आणि परत येऊन स्वतः बांधायला घेतलं. आधीचे दोन प्रयत्न पूर्णत्वाला गेले नाहीत. मग २०११ च्या सुमाराला कांदिवलीतल्या आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान सुरू केलं. सामान जिन्यातून वर न्यायचं, पावसाळ्यात ताडपत्री टाकायची, पैसा घरचाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, तेव्हा ते विमान सुटं करून क्रेनने खाली उतरवलं आणि बीकेसीत मांडलं. लोकांनी रांगा लावून पाहिलं.

बांधायला पाच-सहा वर्षं लागली. नोंदणीला? विमान जगाला दिसल्यावरही नोंदणीचा कागद हातात पडायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं, आणि त्यासाठी मुख्यमंत्री आणि पंतप्रधान कार्यालयापर्यंत शब्द जावा लागला. नोंदणी क्रमांक मिळाला व्हीटी-एनएमडी. नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांची ती अक्षरं, असं यादव यांनीच सांगितलं. माणूस उपकार विसरला नाही, चांगलंच आहे. पण मला त्यात दुसरंही दिसतं. नियमाने जे मिळायला हवं ते नेत्याच्या मेहेरबानीने मिळालं की माणूस विमानाला नेत्याचंच नाव देणार. उद्या परतूरच्या किंवा भोकरदनच्या पोराने विमान बांधलं तर त्याच्यासाठी फोन कोण करणार?

पुढचं अजून ऐका. फेब्रुवारी २०१८ ला 'मॅग्नेटिक महाराष्ट्र'मध्ये यादव यांच्या कंपनीशी सामंजस्य करार झाला. आकडा ३५ हजार कोटी रुपये! पालघर जिल्ह्यात १५७ एकर जमीन, १९ आसनी विमानांचा कारखाना. मथळे झाले. त्या दिवशी ते सहा आसनी विमान एकदाही हवेत गेलेलं नव्हतं. उड्डाणाचा परवाना मिळाला २०१९ च्या ऑक्टोबरात आणि चाचणीचा पहिला टप्पा धुळ्याच्या धावपट्टीवर झाला तो ऑगस्ट २०२० मध्ये. म्हणजे करार आधी, उड्डाण अडीच वर्षांनी. यात यादव यांना मी दोष देत नाही. एका माणसाने गच्चीवर विमान बांधून ते धावपट्टीपर्यंत नेलं, यापुढे मी हात जोडतो. पण त्या वेळी त्यांना ३५ हजार कोटींच्या कागदाची गरज नव्हती. गरज होती एका हँगरची, एका धावपट्टीची, तपासणीला येणाऱ्या दोन अनुभवी इंजिनिअरांची आणि 'तीस दिवसांत उत्तर देऊ' अशा एका ओळीच्या नियमाची.

अमेरिकेत हे कसं चालतं? तिथे १९५३ साली विमान घरी बांधणाऱ्यांची ईएए ही संघटना सुरू झाली. सरकारने त्यांच्यासाठी 'प्रायोगिक' नावाचा वेगळा वर्ग ठेवला. निम्म्याहून जास्त काम तुम्ही स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असलं पाहिजे. मग तपासणी होते. पहिले २५ ते ४० तास विरळ वस्तीवर, ठरलेल्या भागातच उडवायचं. विमानात 'हे प्रायोगिक आहे' अशी पाटी लावायची. प्रवासी बसवून धंदा करायचा नाही. जोखीम आहे हे सरकार मान्य करतं आणि तिला कुंपण घालतं. संघटनेचे जुनेजाणते सभासद अर्धवट झालेलं विमान येऊन पाहतात, 'हा वेल्ड चुकला, हा बोल्ट बदल' असं सांगतात. यात फुकटचं लाडावणं कुठेच नाही.

कुंपण नसलं की काय होतं, ते आपण ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पाहिलं. खेड्यातला एक तरुण वेल्डर. त्याने पत्रा आणि पाइप कापून, व्हिडिओ बघून एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं. रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, तो मुख्य पात्याला धडकला आणि ते पातं त्याच्या डोक्याला लागलं. पोरगा गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात 'गावाचा रँचो' असे मथळे आले. आमच्या धंद्यातल्या लोकांनी तेव्हा जरा थांबायला हवं होतं. त्याला रँचो म्हणून आपण मोकळे झालो. पण पातं फिरवताना संतुलन तपासायचं असतं, पहिली चाचणी दूर उभं राहून घ्यायची असते, डोक्यावर हेल्मेट हवं, हे सांगणारा एक माणूस त्याला जिल्ह्यात भेटला नाही. विमानशास्त्राचं सोडा, साध्या फिरत्या यंत्राचे हे नियम आहेत. आपल्या कुठल्याही आयटीआयमधल्या मास्तरांना ते येतात. फक्त त्याने जाऊन विचारावं अशी जागा नव्हती आणि विचारलं असतं तर 'आधी परवानगी आण' एवढंच उत्तर मिळालं असतं.

आणि त्याच यवतमाळला धावपट्टी आहे! यवतमाळ, लातूर, नांदेड, धाराशिव, बारामती या पाच विमानतळांची जागा सरकारने २००९ साली एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिली होती. त्यातल्या कितीतरी ठिकाणी वर्षानुवर्षं नेत्यांच्या विमानांपलीकडे फारशी हालचाल नव्हती, हे तिकडचे पत्रकार मित्र सांगतातच. पैसा जनतेचा, डांबर जनतेचं, आणि जनतेतलं एक पोरगं रात्रीच्या अंधारात घराशेजारी पातं फिरवत होतं.

जालन्याचं म्हणाल तर आपल्याकडे भंगारातून पोलाद करणाऱ्या भट्ट्या आहेत, रोलिंग मिल आहेत, बियाण्यांच्या कंपन्यांना लागणारी यंत्रं दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत. 'जालना सोने का पालना' असं आपण म्हणतो, ते याच हातांच्या जिवावर. मी काही उद्या इथून विमानं उडतील असं म्हणत नाही. पण इथल्या पोराला इंजिन खोलायचं, मोजायचं, चुकायचं आणि जिवंत राहून पुन्हा करायचं असेल, तर त्याला जिल्ह्यात एक जागा हवी.

माझ्या मागण्या तीनच. एक, घरी बांधलेल्या विमानासाठी साधी, टप्प्याटप्प्याने तपासणी करणारी आणि मुदतीत उत्तर देणारी पद्धत. कुणाच्या फोनची गरज न पडणारी. दोन, ओस पडलेल्या धावपट्ट्यांपैकी निदान एक, महिन्यातून काही दिवस अशा चाचण्यांसाठी, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेसह. तीन, प्रत्येक जिल्ह्याच्या एका आयटीआयमध्ये संध्याकाळी उघडी राहणारी कार्यशाळा, जिथे कुणीही आपलं यंत्र घेऊन जाईल आणि मास्तर त्याला आधी सुरक्षितपणा शिकवतील. ३५ हजार कोटींपुढे याचा खर्च चिल्लर आहे.

तळपदेंचा अभिमान जरूर बाळगा. पण त्यांच्या धडपडीचा बाळगा, न झालेल्या उड्डाणाचा नको. १८९५ मध्ये त्यांनाही कुणी जागा, पैसा, जाणता सल्लागार दिला नव्हता. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, म्हणून दोष द्यायला कुणीतरी होतं. यवतमाळचा पोरगा २०२१ मध्ये गेला. तेव्हा राज्य आपलंच होतं.

तुमच्या तालुक्यात असं काही बांधणारं कुणी असेल तर कमेंटमध्ये त्याचं नाव टाकू नका, मला मेसेज करा. आधी त्याला एखाद्या चांगल्या फिटर मास्तरांशी जोडून देऊ. बातमी नंतर करू.